रॉ की जेपीईजी? शाळेच्या कॅमेऱ्याने शिकवलेला धडा



गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील भेटायला आले. मुलीचे आजोबा नुकतेच गेले होते. वडील म्हणाले, "सर, दादांनी जन्मभर फडात ढोलकी वाजवली, पण ढोलकी वाजवतानाचा एकही धड फोटो घरात नाही. तुमच्या गॅदरिंगला ते आले होते ना? त्यातला एखादा द्या. फ्रेम करून लावायचाय."

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाई नारायणगावकरांचं गाव. यात्रांचा हंगाम जवळ आला की इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. अशा गावातल्या शाळेत मुलांच्या गवळणीला खऱ्या ढोलकीची साथ हवी, म्हणून आम्हीच आजोबांना बोलावलं होतं. फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. शाळेचा कॅमेरा चांगला आहे, आणि आजोबा वाजवत असताना मी पंधरा-वीस फोटो काढले होते.

मी आनंदाने संगणक उघडला. फोटो सापडले, पण मंचावरचा हॅलोजन आजोबांच्या मागच्या बांबूवर होता. खांद्यावरचा पांढरा सदरा चुन्यासारखा सपाट पांढरा झाला होता, चेहरा अंधारात गेला होता आणि सगळ्यावर पिवळट झाक होती. "थोडं उजळ करू, होईल," असं म्हणून मी चेहरा उजळ केला. चेहरा उजळला, पण त्याबरोबर गालावर चौकोनी डाग उमटले, हिरवट-तांबूस ठिपके दिसू लागले. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या कुठेच नव्हत्या. सदरा गडद केला तर तो नुसता राखाडी झाला, चुण्या काही आल्या नाहीत.

आमचा एक माजी विद्यार्थी आता लग्नाच्या ऑर्डरी घेतो. त्या रात्री तोही हौसेने कॅमेरा घेऊन आला होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, कार्यक्रमाच्या आधी बाजूला बसून आजोबा ढोलकी सुरात लावत होते, तेव्हाचे दोन-तीन काढलेत. रॉ आहेत, बघतो काय निघतंय ते." दुसऱ्या दिवशी त्याने फोटो दाखवला. तीच रात्र, तेच हॅलोजन, चेहरा तसाच अंधारात. त्याने तो माझ्यासमोर उजळ केला आणि सुरकुत्या दिसल्या, ढोलकीकडे लावलेला कान दिसला, सदऱ्याच्या चुण्याही दिसल्या.

फ्रेम त्या फोटोची झाली. प्रत्यक्ष वाजवतानाचे फोटो माझ्याकडे होते, ते गेले ते गेलेच.

दोन्ही कॅमेरे साधारण सारख्याच प्रतीचे होते. फरक होता तो मेन्यूमधल्या एका ओळीचा. माझ्या कॅमेऱ्यात "जेपीईजी" होतं, त्याच्या कॅमेऱ्यात "रॉ". ही ओळ काय करते, ती कधी बदलायची आणि कधी मुळीच बदलायची नाही, हे मी त्यानंतर नीट शिकलो. तेच आज तुमच्यासमोर मांडतो.

कॅमेऱ्याच्या आत काय होतं?

कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर कोट्यवधी बारीक घरं असतात. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे 2 कोटी 40 लाख घरं. बटण दाबलं की प्रत्येक घरात पडलेला प्रकाश मोजला जातो. गंमत अशी की या घरांना रंग कळत नाही, फक्त उजेड किती ते कळतं. म्हणून प्रत्येक घरावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एक बारीक काच बसवलेली असते. निम्म्या घरांवर हिरवी, पाव घरांवर लाल आणि पाव घरांवर निळी. ही रचना कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची. तिचं पेटंट 1976 साली मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये हीच रचना वापरतात.

म्हणजे सेन्सरने नुसती मोजदाद केलेली असते. लाल घरात इतका उजेड, शेजारच्या हिरव्या घरात तितका. ही मोजदाद अजून चित्र झालेली नसते. शेजारच्या घरांवरून प्रत्येक ठिकाणचा पूर्ण रंग काढायचा, दिव्याचा पिवळेपणा वजा करायचा, उजेड-अंधार ठरवायचा, रेषा ठसठशीत करायच्या, हे सगळं झालं की फोटो तयार होतो.

आता प्रश्न एवढाच आहे की हे काम कोणी करायचं आणि कधी करायचं. कॅमेऱ्याने तिथल्या तिथे करून मोजदाद टाकून दिली तर ती जेपीईजी. मोजदाद तशीच ठेवली आणि काम आपल्यावर सोपवलं तर ती रॉ.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर रॉ म्हणजे क्रेटमधला टोमॅटो आणि जेपीईजी म्हणजे बाटलीतला सॉस. सॉस लगेच वाढता येतो, कमी जागेत मावतो, सगळ्यांना चालतो. टोमॅटोला धुवा, चिरा, शिजवा, वेळ द्या. पण टोमॅटोची भाजी, सार, कोशिंबीर काहीही होईल. सॉसचा पुन्हा टोमॅटो होत नाही.

जेपीईजी काय ठेवते आणि काय टाकते?

जेपीईजी हे नाव ज्या समितीने ही पद्धत तयार केली तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आलं. समिती 1986 साली स्थापन झाली, आणि पद्धत 1992 साली मान्य झाली. फोटोची फाइल लहान करायची, पण डोळ्याला फरक जाणवू द्यायचा नाही, हा तिचा हेतू. आपल्या डोळ्यांना उजेडातला फरक बारकाईने कळतो, रंगातला फरक तितका कळत नाही. जेपीईजी याचाच फायदा घेते आणि सहसा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने ठेवते.

पुढची पायरी गणिताची आहे. फोटोचे 8 गुणिले 8, म्हणजे 64 ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक ठिपका वेगळा लिहिण्याऐवजी त्या चौकोनाचा सरासरी उजेड किती आणि त्यात चढउतार कोणत्या प्रकारचे, असं लिहिलं जातं. मोठे चढउतार ठेवतात, अगदी बारीक चढउतार ढोबळ करतात किंवा सोडून देतात. माझ्या फोटोत गालावर उमटलेले चौकोनी डाग या 64 ठिपक्यांच्या चौकोनांचेच होते.

यामागच्या गणिताचं श्रेय ज्यांना जातं त्यात आपल्या मातीतली माणसं आहेत, हे मुलांना आवर्जून सांगा. बंगळूरला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत 1974 साली ही पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी या कल्पनेवर काम करायला अहमद यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे निधी मागितला होता, तो मिळाला नाही. तरीही त्यांनी काम सोडलं नाही. आज आपण व्हॉट्सअॅपवर पाठवतो त्या जवळजवळ प्रत्येक फोटोत हे गणित आहे.

जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाला 8 बिट मिळतात. म्हणजे 2 चा 8 वा घात, 256 पायऱ्या. लाल, हिरवा, निळा मिळून 256 × 256 × 256 = 1,67,77,216 रंग होतात. एवढे रंग पाहायला भरपूर आहेत. फोटो मुळात नीट आला असेल तर त्यात काहीच कमी वाटत नाही. अडचण येते ती फोटो नंतर बदलायला गेलं की.

रॉ मध्ये जास्तीचं काय असतं?

रॉ फाइलमध्ये सहसा 12 किंवा 14 बिट असतात. 12 बिट म्हणजे 4,096 पायऱ्या, 14 बिट म्हणजे 16,384. सातवीच्या मुलांना घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर द्या. एक बिट वाढला की पायऱ्या दुप्पट होतात, आणि 8 वरून 14 वर गेलं की 64 पट.

या पायऱ्यांचा उपयोग कुठे होतो ते आजोबांच्या चेहऱ्यावरून पाहू. समजा, पांढऱ्या सदऱ्यावर जेवढा उजेड होता त्याच्या 32 ते 64 पट कमी उजेड चेहऱ्याच्या सावलीतल्या भागावर होता. हिशेब केला तर 14 बिटांच्या रॉ मध्ये एवढ्या भागाला 256 पायऱ्या मिळतात. जेपीईजीत त्याच भागाच्या वाट्याला साधारण 15 पायऱ्या येतात. गाल, सुरकुती, पापणी, हनुवटीखालची सावली, सगळं 15 पायऱ्यांत बसवायचं! पाहताना चालून जातं, कारण तो भाग काळपटच दिसतो. पण उजळ करायला गेलं की त्या 15 पायऱ्या ताणल्या जातात आणि मधल्या फटी उघड्या पडतात.

दुसरी गोष्ट दिव्याच्या रंगाची. हॅलोजनचा उजेड पिवळा, दुपारच्या सावलीतला निळसर, ट्यूबलाइटचा आणखी वेगळा. पांढरं ते पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा रंगांचं प्रमाण बदलतो, त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. जेपीईजीत हा बदल होऊन चित्र पक्कं होतं. रॉ मध्ये "असा दिवा होता असं वाटतं" एवढी नोंद फाइलसोबत राहते, मूळ मोजदाद बदलत नाही. घरी येऊन दिवा बदलावा तसा तो बदलता येतो.

तिसरी गोष्ट, रॉ वर केलेलं काम मूळ फाइलला धक्का लावत नाही. आपण केलेले बदल वेगळे लिहून ठेवले जातात. आज चेहरा जास्त उजळ झाला असं उद्या वाटलं तर परत सुरुवातीपासून करता येतं. जुन्या स्टुडिओवाल्यांनी प्रिंट गिऱ्हाइकाला दिली तरी निगेटिव्ह जपून ठेवली, ते याचसाठी.

रॉ ला काय जमत नाही?

इथे थोडं सावध राहायला हवं, कारण "रॉ मध्ये काढा, मग सगळं दुरुस्त होतं" असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

हललेला फोटो रॉ मध्येही हललेलाच राहतो. फोकस चुकला तर चुकलाच. सेन्सरचं घर प्रकाशाने काठोकाठ भरून वाहिलं असेल तर त्यापुढचा उजेड कुठेच मोजलेला नसतो, मग तिथे रॉ सुद्धा हात टेकते. सदऱ्यावर आणखी प्रखर उजेड असता तर माजी विद्यार्थ्याच्या फोटोतही चुण्या मिळाल्या नसत्या. आणि उभं राहायची जागा, योग्य क्षण, माणसाशी बोलून त्याचा संकोच घालवणं, हे कुठल्याच मेन्यूत नाही.

आणखी एक गोष्ट. रॉ संगणकावर पहिल्यांदा उघडली की बऱ्याच जणांना ती फिकी, मरगळलेली वाटते. "कॅमेऱ्याच्या पडद्यावर तर छान दिसत होता!" असं होतं. कारण साधं आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतं ते कॅमेऱ्याने आतल्या आत केलेलं छोटं जेपीईजी चित्र असतं. फिकेपणा म्हणजे बिघाड नव्हे, स्वयंपाक अजून व्हायचा आहे एवढंच.

खोडदच्या दुर्बिणीकडून एक उदाहरण

मूळ मोजदाद जपून ठेवायची की तयार चित्रावर भागवायचं, हा प्रश्न फक्त कॅमेरावाल्यांना पडत नाही. त्याचं फार मोठं उदाहरण आपल्या उंबऱ्याशी आहे.

नारायणगावच्या पूर्वेला दहा-पंधरा किलोमीटरवर खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. 14 मध्यभागी आणि बाकीच्या 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर पसरलेल्या. आपल्यापैकी अनेकांनी राष्ट्रीय विज्ञान दिनाला मुलांना तिथे नेलं असेल.

तिथे मुलं हमखास विचारतात, "सर, ही दुर्बीण फोटो कसा काढते?" उत्तर असं की ती थेट फोटो काढतच नाही. 30 अँटेनांच्या जोड्या लावल्या तर 30 × 29 ÷ 2 = 435 जोड्या होतात. प्रत्येक जोडीला आलेल्या संकेतांची तुलना करून मापं नोंदवली जातात आणि ती साठवली जातात. आकाशाचं चित्र त्या मापांवरून नंतर गणिताने तयार करतात.

2010 ते 2012 या काळात या दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्झला आकाशाची मोठी पाहणी केली. निरीक्षणं 2,000 तासांहून जास्त होती. या कमी वारंवारतेला एक अडचण असते. पृथ्वीभोवतीच्या वातावरणातला आयनांबर नावाचा थर संकेतांना थोडं वाकवतो आणि चित्र बिघडतं, जसं उकळत्या पातेल्यावरच्या वाफेतून पलीकडची भिंत हलताना दिसते. पुढे इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही बिघाडाची भरपाई करणाऱ्या पद्धतीने तीच साठवलेली मापं पहिल्यापासून पुन्हा वापरली. त्यांचा शोधनिबंध 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात एकूण आकाशाचा सुमारे 90 टक्के भाग आणि सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोत आले.

दुर्बीण पुन्हा आकाशाकडे वळवावी लागली नाही. नवीन निरीक्षणाचा एक तासही लागला नाही. मापं जपलेली होती म्हणून हे झालं. आधी काढलेली चित्रं तेवढी ठेवून मापं पुसून टाकली असती, तर नव्या पद्धतीला काम करायला काही उरलंच नसतं.

फोटोचंही असंच आहे. पाच-सात वर्षांपूर्वी काढलेली रॉ फाइल आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर अंधारातले दाणे पुष्कळ स्वच्छ होतात. कॅमेरा तोच, फाइल तीच, शिजवण्याची पद्धत सुधारली. आज आपल्याला जमत नाही ते उद्या कोणाला तरी जमेल, एवढी जागा रॉ शिल्लक ठेवते.

मग कायम रॉ च का नको?

हे सगळं वाचून "आजपासून सगळं रॉ मध्ये" असं ठरवाल तर महिनाभरात कंटाळाल. मी कंटाळलो होतो!

पहिली अडचण जागेची. 24 मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण 25 ते 30 एमबीची असते, जेपीईजी 8 ते 10 एमबीची. 32 जीबीच्या कार्डावर रॉ अकराशेच्या आसपास बसतात, जेपीईजी तीन-चार हजार. सहलीचे आणि क्रीडा स्पर्धांचे फोटो रॉ मध्ये ठेवले तर शाळेचा संगणक दिवाळीच्या आत भरेल.

दुसरी अडचण वेळेची. प्रत्येक रॉ वर कोणीतरी बसायला हवं. शंभर मीटरच्या शर्यतीचे दोनशे फोटो संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर हवे असतील तर रॉ चा उपयोग नाही. शिवाय भराभर फोटो काढताना रॉ ने कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती लवकर भरते आणि नेमकं शेवटच्या रेषेवर बटण चालत नाही.

तिसरी अडचण देवाणघेवाणीची. प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी असते. निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, कॅननची सीआर-टू आणि आता सीआर-थ्री. अडोबी कंपनीने 2004 साली डीएनजी हा सर्वांना खुला असा प्रकार आणला, पण सगळ्यांनी तो घेतला नाही. रॉ फाइल कोणालाही पाठवली आणि ती लगेच उघडली असं होत नाही. जेपीईजी मात्र कुठल्याही यंत्रावर उघडते.

जेपीईजी निवडण्याला कधी कधी तत्त्वाचंही कारण असतं. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने 2015 साली आपल्या बाहेरच्या छायाचित्रकारांना कळवलं की रॉ वरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून थेट निघालेली जेपीईजी पाठवा. बातमीचा फोटो लवकर यावा आणि त्यात फार फेरफार नसावेत, असा विचार त्यामागे होता. उलट, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शेवटच्या टप्प्यात मूळ रॉ फाइल मागतात, म्हणजे फेरफार झाला का ते ताडून पाहता येतं. खरेपणा हवा हे दोघांचंही म्हणणं, पण वाटा दोन. आपल्या जुन्नर भागात बिबट्यांसाठी झाडाला बांधतात ते ट्रॅप कॅमेरे साधारणपणे जेपीईजीच काढतात. आठवडाभर बॅटरी आणि कार्ड पुरलं पाहिजे, आणि बिबट्या आला होता का, कोणता होता, एवढं कळलं की काम झालं.

म्हणून जेपीईजीला कमी लेखू नका. चांगल्या उजेडात, बरोबर एक्सपोजर ठेवून काढलेली जेपीईजी आणि रॉ वरून केलेला फोटो यात भिंतीवरच्या फ्रेममध्ये फरक दाखवणं चांगल्या चांगल्यांना जमत नाही.

ठरवायचं कसं? स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

1. हा क्षण पुन्हा येणार आहे का? निवृत्त होणाऱ्या शिपाईमामांचा निरोप, गावातल्या जुन्या कलाकाराची भेट, पाडायला काढलेली जुनी शाळा. हे पुन्हा येत नाही. रॉ ठेवा.

2. उजेड अवघड आहे का? रात्रीचा मंच, मागून येणारा प्रकाश, लेण्याद्री किंवा नाणेघाटच्या गुहेत आत अंधार आणि दाराशी कडक ऊन. रॉ ठेवा. मैदानावर सकाळचं ऊन असेल तर जेपीईजी पुरते.

3. फोटो कधी हवा आहे आणि त्यावर बसायला कोणाला वेळ आहे? आजच हवा आणि वेळ कोणालाच नाही, तर जेपीईजी.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर "रॉ" आणि तिसऱ्याचं "जेपीईजी" आलं, तर कॅमेऱ्यात "रॉ + जेपीईजी" असा तिसरा पर्याय असतो. एकाच वेळी दोन्ही फाइल तयार होतात. जेपीईजी त्याच रात्री वाटून टाका, रॉ बाजूला ठेवा. नंतर निवांत बसून महत्त्वाच्या दहा-वीस रॉ निवडा आणि बाकीच्या पुसून टाका. आमच्या शाळेत आता गॅदरिंग, निरोप समारंभ आणि पाहुण्यांची भेट यासाठी हाच पर्याय ठेवतो. रोजच्या उपक्रमांना जेपीईजी.

रॉ वर काम करायला पैसे घालवायची गरज नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर संगणकावर मोफत मिळतात. मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये डीएनजी उघडते.

मोबाइलवाल्यांसाठी दोन शब्द

आपल्यापैकी बहुतेकांचा कॅमेरा म्हणजे मोबाइल. बऱ्याच फोनमध्ये "प्रो" मोडमध्ये रॉ चा पर्याय असतो. पण फोन नेहमीचा फोटो काढताना एकाच्या जागी अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो, म्हणून रात्री त्याचा नेहमीचा फोटो साध्या रॉ पेक्षा स्वच्छ दिसू शकतो. दोन्ही काढून पाहा, मगच ठरवा.

आणि व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की तो आणखी दाबला जातो. छापायचा किंवा जपायचा फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. एक गैरसमजही दूर करतो. जेपीईजी नुसती उघडल्याने किंवा दुसरीकडे कॉपी केल्याने खराब होत नाही. ती बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की प्रत्येक वेळी थोडं थोडं गळत जातं. म्हणून बदल नेहमी प्रतीवर करा, मूळ फाइल तशीच ठेवा.

वर्गात करून पाहण्यासारखे उपक्रम

• एकच फोटो घ्या. तो बदलून, नव्या नावाने, दर वेळी कमी दर्जाची जेपीईजी म्हणून दहा वेळा सेव्ह करा. पहिला आणि दहावा मोठा करून शेजारी ठेवा. मुलांना 8 × 8 चे चौकोन शोधायला सांगा.

• खिडकीकडे पाठ करून एका मुलाला उभं करा. रॉ + जेपीईजी मध्ये फोटो काढा. दोन्हींमधला चेहरा सारखाच उजळ करा. कोणत्या फाइलमध्ये काय सापडलं ते मुलांनी वहीत लिहावं.

• वहीवर 64 चौकोनांची जाळी काढा आणि प्रत्येकात 0 ते 255 मधला अंक भरा. आता ही माहिती मित्राला फक्त पाच अंकांत सांगायची आहे. काय ठेवाल, काय सोडाल? या खेळातून मुलांना कळतं की माहिती लहान करताना कोणीतरी काहीतरी सोडतो, आणि काय सोडायचं हा निर्णय असतो.

शेवटी

फ्रेम तयार झाल्यावर मी त्या घरी गेलो होतो. समोरच्या भिंतीवर आजोबा ढोलकीकडे कान लावून बसलेले. मुलीची आजी म्हणाली, "वाजवायला बसायच्या आधी असंच करायचे ते. कुणी बोललेलं चालायचं नाही." मी काही बोललो नाही. गवळणीत रंगून डोळे मिटून वाजवणारे आजोबा मी पाहिले होते, माझ्या कॅमेऱ्यानेही पाहिले होते. ते त्या घरापर्यंत पोहोचवणं मात्र मला जमलं नाही, कारण त्या रात्री मेन्यू उघडून एक ओळ बदलायचं माझ्या मनात आलं नव्हतं.

तुमच्याही शाळेत पुढच्या महिन्यात गॅदरिंग असेल, कोणाचा निरोप असेल, कोणाचे आजी-आजोबा मंचावर येणार असतील. आदल्या दिवशी बॅटरी चार्ज कराल, कार्ड रिकामं कराल. तेव्हा एवढं एक काम त्यात वाढवा. मेन्यू उघडा आणि "रॉ + जेपीईजी" वर बोट ठेवा. कार्यक्रम संपला की परत जेपीईजी करायला विसरू नका, नाहीतर सहलीत कार्ड भरेल!